आधी पाणी, मग मासा

नव्या खाऱ्या टाकीत पहिले चार ते सहा आठवडे मासा सोडायचा नसतो. दिवा लागतो, पंप चालतो, पाणी खेळते आणि आत नुसते दगड. घरच्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण टाकी जगणार की नाही, हे याच दिवसांत ठरते.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. समुद्रात तो कुठल्या कुठे विरतो, शंभर लिटरच्या टाकीत मात्र साचतो. शिवाय समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास, आणि सामू जितका चढा तितका अमोनियाचा विषारी अंश जास्त. त्यामुळे गोड्या पाण्यात एखादे वेळी खपून जाणारी घाई इथे माशाच्या जिवावर बेतते.

त्याला वाचवतात ते दगडांच्या छिद्रांत राहणारे जिवाणू. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे बरेच सौम्य नायट्रेट. सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास असे जिवाणू मातीतून वेगळे करून दाखवले. ते वाढतात फार सावकाश. ई. कोलायला दुप्पट व्हायला वीस मिनिटे पुरतात. यांना कित्येक तास, कधी अख्खा दिवस लागतो. म्हणून जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा विरजणासारखा घालावा, अमोनियम क्लोराइडचे थेंब देऊन जिवाणूंना पोसावे आणि टेस्ट किटने मोजत राहावे. आधी अमोनिया चढून उतरतो, मागून नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार.

पाणी घरीच बनवायचे. लिटरला ३५ ग्रॅम क्षार, पण स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेटही असतात, म्हणून मत्स्यालयासाठीचे तयार सागरी मीठच घ्यावे. घरगुती आरओ यंत्रात चवीसाठी बऱ्याचदा थोडे साधे पाणी मिसळले जाते. टाकीला मात्र टीडीएस शून्य दाखवणारे पाणी हवे, नाहीतर शेवाळ माजते.

खरी परीक्षा मे महिन्यात. तापमान २५-२६ अंशांवर ठेवायला पंखा लावला की पाणी भराभर उडते. उडते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची. नवशिक्यांच्या हातून खारे पाणी पडते आणि क्षारता हळूहळू चढत जाते. वीज वारंवार जात असेल, तर बॅटरीवरचा हवापंप टाकीबरोबरच विकत घ्यावा.

प्रवाळांचे काय? भारतात खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरून आणलेला प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, घरात ठेवणे गुन्हा आहे, आणि मालवणच्या समुद्रातली प्रवाळे पाहिलेल्या कुणालाही तो कायदा योग्यच वाटेल. तेव्हा दगड सिरॅमिकचे घ्यावेत आणि सुरुवात क्लाउनफिशने करावी. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्याचे प्रजनन बंदिस्त टाक्यांत यशस्वी केले आहे. विक्रेत्याला विचारावे, मासा हॅचरीतला की समुद्रातून पकडलेला? हॅचरीतला मासा कोरडे खाद्य सहज खातो आणि समुद्रातून एकही मासा कमी होत नाही. पहिली जोडी सोडल्यावर पुढचा मासा दोन-तीन आठवड्यांनी आणावा. वाढलेला अमोनिया पेलायला जिवाणूंना तेवढी उसंत लागते.