राष्ट्रीय उत्पन्नात न बसणारी सावड

राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण शिकविताना पिगूच्या एका प्रसिद्ध उदाहरणास वळसा घालून पुढे जाता येत नाही. एखाद्या गृहस्थाने आपल्याकडे पगारावर घरकाम करणाऱ्या बाईशीच विवाह केला, तर काम तेच राहूनही तिचे वेतन हिशेबातून गळते आणि देशाचे उत्पन्न तेवढ्याने घटते! वर्गात यावर हशा पिकतो. परंतु वऱ्हाडातल्या लहान गावांत या उदाहरणाची उलटी आवृत्ती गेली काही दशके घडत आहे, आणि तिच्यावर हसावे की नाही हे ठरविणे तितकेसे सोपे नाही.

बार्शीटाकळीच घ्या. कालंकादेवीच्या हेमाडपंती मंदिराचे, कापूस आणि तुरीच्या शेतांनी वेढलेले हे तालुक्याचे गाव. येथे चैत्र-वैशाख म्हणजे पापड, शेवया आणि कुरड्यांचा हंगाम. त्यांतही कुरडई हे एकटीचे काम नव्हेच. गहू तीन दिवस भिजवून वाटायचे, चीक काढायचा, आणि पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, तो मोठ्या पातेल्यात शिजवायचा. एकीने घोटायचे, दुसरीने सोऱ्या भरायचा, तिसरीने गच्चीवर पसरलेल्या धोतरावर कुरड्या घालायच्या. ‘उद्या पाहाटं येजो वं, चीक घोटाचा हाय,’ एवढेच निमंत्रण पुरे होई. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. शेतकरी ज्याला सावड म्हणतो तीच ही, बैलजोडीऐवजी सोऱ्याची. चाळीस-चाळीस वर्षांच्या मैत्रिणी या कामाच्या निमित्ताने भेटत. सुनेचे, गुडघ्यांचे, गेलेल्या माणसांचे बोलून घेत. वाटीभर गरम चीक खाऊन ऊन तापण्याच्या आत घरोघरी परतत.

आता कुरड्या विकत मिळतात, पुष्कळदा बचतगटाच्याच. घरी केलेल्या कुरडईस राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत स्थान नव्हते; विकतच्या पुड्यास ते मिळाले. बचतगटातल्या बाईच्या हाती चार पैसे आले आणि साठीच्या बाईची कंबर वाचली, हा लाभ खराच आहे. ‘पूर्वीचे सारे गोड’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी पातेलेभर चीक घोटून पाहावा. पण त्या व्यवहारात पहाटेची बैठकही मोडीत निघाली, आणि तिची किंमत कोणी कोणास दिली नाही.

पुरुषांचे तसे झाले नाही. थंडीच्या दिवसांत जुने दोस्त वर्गणी काढून आजही एखाद्याच्या शेतात रोडग्यांचा बेत करतात. निवृत्त मास्तर वांगी चिरतो, कचेरीतला जुना कारकून गोवऱ्यांचा जगरा पेटवितो, आणि कणकेचे रोडगे भाजण्याचा मान ज्याचा हात त्यात बसला आहे त्याचाच असतो. तेथे पदवी अगर पेन्शन विचारात घेतली जात नाही. मीठ कमी पडल्याचा वाद दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत पुरतो. घरी चुलीकडे न फिरकणारे हे गृहस्थ शेतात इतके उत्तम स्वयंपाकी कसे होतात, हा प्रश्न त्यांच्या सौभाग्यवतींनी विचारावा असा आहे. शिवाय वर्षभर त्यांना पार आहे, चहाची टपरी आहे, वाचनालयातले वर्तमानपत्र आहे. काम नसले तरी बसावयास जागा आहे.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. २०२४ मध्ये बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे गेली. जे थोडे पुरुष असे काम करतात त्यांची ८८. स्त्रियांचा आकडा २०१९ मध्ये २९९ होता. म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटे मोकळी झाली. ती घालवावयाची कोठे? स्त्रीची मैत्री आपल्याकडे कामाच्या आड उभी राहिली. पाणी, दळण, वाळवण असे काहीतरी हाती असल्याखेरीज मैत्रिणीकडे जाण्यास कारण लागे. काम बाजाराने नेले, तेव्हा कारणही गेले. पारावर ती बसू शकत नाही, टपरीवर उभी राहू शकत नाही. मुले पुण्याला, पती पारावर, आणि घरात दूरचित्रवाणी.

एकटेपणा ही केवळ मनाची हुरहूर नव्हे. जगात दर सहा माणसांमागे एकास तो ग्रासतो, आणि तो आयुष्यही तोडतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये सांगितले. त्यावर औषधयोजना सुचविण्याचा अधिकार अर्थशास्त्राच्या शिक्षकास नाही. जागेचा प्रश्न मात्र त्याच्या कक्षेत येतो, कारण मैत्री फुकट असली तरी तिला लागणारी जागा फुकट नसते.

ती देण्यास मोठी योजना नको. १९६७च्या ग्रंथालय अधिनियमान्वये राज्यात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत. ती बहुधा सकाळी आणि सायंकाळी उघडतात, म्हणजे नेमकी बाई स्वयंपाकात असते तेव्हा. तिची मोकळीक दुपारी दोन ते चार. त्या वेळी कुलूपबंद राहणारी खोली उघडावी, सतरंजी घालावी, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे. तेथे त्यांनी वाचावे, विणावे, पत्ते खेळावेत, नाहीतर नुसत्या बसाव्यात. नगरपंचायतीने एका शिपायाच्या दोन तासांचा पगार तेवढा सोसावयाचा आहे. आणि तो, पिगूचे समाधान व्हावे, राष्ट्रीय उत्पन्नात रीतसर धरला जाईल.