रिचार्ज आपला, माहिती कंपनीची: इंटरनेट पुरवठादाराला आपल्याबद्दल काय काय कळते?

वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी आम्ही तरुण मुलामुलींसोबत बसतो. स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्तीचे अर्ज, कधी घरातले प्रश्न, जो विषय निघेल तो. मागे एकदा मोबाईलच्या सुरक्षिततेवर बोलणे चालले होते. बारावीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, इनकॉग्निटोमध्ये बघितलं की कुणाला कळत नाही ना?" मी म्हणाले, "तुझ्या भावाने फोन हातात घेतला तर त्याला कळणार नाही. पण ज्या कंपनीचं रिचार्ज मारतेस तिला कळतं." मागून एक मुलगा म्हणाला, "सगळं?"

त्या "सगळं?"चे नीट उत्तर मला तेव्हा देता आले नाही. म्हणून हा लेख.

फेसबुक, गुगल आपल्यावर लक्ष ठेवतात हे आता बहुतेकांना माहीत आहे. बूट शोधले की चार दिवस बूटच दिसतात, हा अनुभव सगळ्यांचा आहे आणि त्यामागे बहुतेक वेळा याच कंपन्या असतात. पण ज्या सिमकार्डवरून किंवा वाय-फायवरून आपण नेट वापरतो, ती पुरवठादार कंपनी आपल्या बोलण्यात येत नाही. तिला आपण नुसती पाइपलाइन समजतो. खरे तर फेसबुक बंद करून राहता येते, पुरवठादाराशिवाय नेटच नाही. शिवाय फेसबुकवर खोटे नाव चालून जाते, सिमकार्ड मात्र ओळखपत्र दाखवल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे या कंपनीकडे आपले खरे नाव, पत्ता आणि फोटो पहिल्या दिवसापासून असतो.

आता तिला दिसते काय? आपण ब्राउझरमध्ये एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाकतो तेव्हा फोनला त्या नावामागचा आकड्यांतला पत्ता शोधावा लागतो. हा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात आणि आपण काही बदल केला नसेल तर ही विचारणा सहसा पुरवठादाराच्याच सर्व्हरकडे जाते. पुढे जोडणी होताना संकेतस्थळाचे नाव बहुतेक वेळा पुन्हा एकदा उघडे दिसते. त्यानंतरचा मजकूर मात्र कुलूपबंद असतो. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असले तर तुम्ही कोणते पान वाचले, फॉर्ममध्ये काय लिहिले, कुणाला काय निरोप पाठवला हे कंपनीला वाचता येत नाही. त्यामुळे त्या मुलाला उत्तर द्यायचे तर, सगळे नाही.

एसटीच्या कंडक्टरला तुमच्या पिशवीत काय आहे ते दिसत नाही. पण तुम्ही कुठे चढलात, कुठे उतरलात, किती वाजता, हे त्याला कळते. आता समजा तुमच्या प्रत्येक प्रवासाला, दिवसरात्र, वर्षानुवर्षे तोच एक कंडक्टर आहे आणि तो सगळे वहीत लिहून ठेवतो. पिशवी उघडायची त्याला गरज उरते का?

आपल्या मुलांच्या बाबतीत ही वही काय सांगेल ते पाहा. जून-जुलैमध्ये जात पडताळणीचे संकेतस्थळ. मग बार्टीचे. मग समाजकल्याण विभागाचे. रात्री अकराला एखाद्या आजाराची माहिती देणारे संकेतस्थळ, सलग तीन रात्री. महिन्याच्या शेवटी कर्ज देणारी ॲप्स. मोबाईल कंपनीला टॉवरवरून जागाही कळते. ६ डिसेंबरला फोन दादरच्या टॉवरवर होता आणि विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीजवळ. यातल्या एकाही ठिकाणी तुम्ही "माझी जात अमुक" असे कंपनीला सांगितलेले नाही. शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव सांगायचे टाळणारी माणसे आपल्यात आहेत, ते का टाळतात हेही आपल्याला माहीत आहे. या वहीत आडनावाची गरजच पडत नाही.

भारतातल्या कंपन्या अशी जातीची यादी बनवून विकतात, असा माझा दावा नाही. मी सांगते आहे ती क्षमता. ही क्षमता हाती आली की कंपन्या काय करतात, हे ब्रिटन आणि अमेरिकेत उघड झाले आहे.

ब्रिटनमध्ये बीटी या बड्या कंपनीने २००६ आणि २००७ मध्ये फॉर्म नावाच्या जाहिरात कंपनीसोबत हजारो ग्राहकांवर गुपचूप चाचण्या केल्या. ग्राहक कोणती पाने पाहतो ते वाटेतच तपासायचे आणि त्यावरून जाहिराती दाखवायच्या. ग्राहकांना विचारले नव्हते. २००८ मध्ये हे बाहेर आले, गदारोळ झाला, २००९ मध्ये बीटीने योजना गुंडाळली. युरोपीय आयोगाने ब्रिटिश सरकारवर कारवाई सुरू केल्यावर तिथला कायदा बदलावा लागला. खटला मात्र कुणावरच भरला गेला नाही.

अमेरिकेतली व्हेरायझनची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. २०१२ च्या अखेरीपासून ही कंपनी आपल्या मोबाईल ग्राहकांच्या साध्या, कुलूपबंद नसलेल्या वेब-विनंतीला एक खास ओळखक्रमांक चिकटवू लागली. तुम्ही ज्या संकेतस्थळावर जाल त्याला तो क्रमांक दिसणार. ब्राउझरमधल्या कुकी आपण पुसू शकतो. हा क्रमांक फोनमध्ये नव्हताच, तो वाटेत लावला जायचा, मग पुसणार कसा? लोकांनी त्याला सुपरकुकी म्हटले. २०१४ मध्ये तंत्रज्ञांनी तो पकडला. पुढे २०१५ च्या सुरुवातीला कळले की एक जाहिरात कंपनी याच क्रमांकाच्या आधाराने लोकांनी पुसलेल्या कुकी पुन्हा जिवंत करत होती. मार्च २०१६ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने व्हेरायझनला साडेतेरा लाख डॉलर दंड केला. एवढ्या मोठ्या कंपनीला हा दंड म्हणजे किरकोळ खर्च.

त्याच काळात एटी अँड टी कंपनीने वेगळाच मार्ग काढला. तिच्या वेगवान इंटरनेटचा दर महिना ७० डॉलर, पण त्यात तुमचे ब्राउझिंग पाहून जाहिराती दाखवण्याची परवानगी गृहीत. परवानगी नको असेल तर २९ डॉलर जास्त भरा. ही योजना २०१६ मध्ये बंद झाली. पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला यात जे दिसते ते साधे आहे: ज्याच्याकडे पैसे त्याला पडदा, ज्याच्याकडे नाहीत त्याचे दार उघडे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकी दूरसंचार आयोगाने नियम केला की ब्राउझिंगचा इतिहास वापरायचा तर ग्राहकाची आधी स्पष्ट संमती घ्या. हा नियम पूर्णपणे लागू होण्याआधीच मार्च २०१७ मध्ये तिथल्या संसदेने तो रद्द केला. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४८, दुसऱ्या सभागृहात २१५ विरुद्ध २०५ मते. एप्रिलमध्ये ट्रम्प यांची सही झाली. पुढे २०२१ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सहा मोठ्या पुरवठादारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही कंपन्या ग्राहकांचे गट वंश आणि लैंगिक कल यांसारख्या गोष्टींवरूनही पाडत होत्या, असे त्यात आढळले.

"पाडू देत गट, जाहिरातच तर दाखवतात," असे आपल्यातले अनेक जण म्हणतात. इथे थोडे थांबावे लागेल. जाहिरात कुणाला दाखवायची हे ठरवता आले की कुणाला दाखवायची नाही हेही ठरवता येते. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेने दाखवून दिले की फेसबुकवर घराची जाहिरात देताना कृष्णवर्णीयांना वगळण्याची सोय होती. २०१९ मध्ये तिथल्या सरकारच्या गृहनिर्माण खात्याने फेसबुकवर घराच्या बाबतीत भेदभाव केल्याचा आरोप ठेवला. हे प्रकरण पुरवठादाराचे नाही, समाजमाध्यमाचे आहे, पण युक्ती तीच. दारावर "तुम्हाला खोली मिळणार नाही" म्हणणारा घरमालक निदान दिसतो, त्याच्याशी भांडता येते, तक्रार करता येते. जी जाहिरात आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही, तिच्याविरुद्ध तक्रार कशी करणार? नोकरीची, कोर्सची, स्वस्त कर्जाची जाहिरात शेजारच्या सोसायटीत दिसते आणि आपल्या वस्तीत महागड्या कर्जाची दिसते, हे ताडून पाहायला दोन्हीकडचे फोन शेजारी ठेवावे लागतील.

भारतातही पुरवठादाराचा हात वाटेतच दिसल्याचे एक प्रकरण नोंदलेले आहे. जून २०१५ मध्ये बेंगळुरूच्या एका प्रोग्रामरच्या लक्षात आले की एअरटेलच्या थ्रीजीवरून त्याचे स्वतःचे संकेतस्थळ उघडले की त्यात त्याने न लिहिलेला कोड येतो. हा कोड फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीचा होता. त्याने पुरावे इंटरनेटवर ठेवले, तर त्या कंपनीच्या वकिलांची नोटीस त्यालाच आली! ग्राहकांना आपला डेटा वापर कळावा म्हणून ही चाचणी होती, असा खुलासा एअरटेलने केला आणि नोटिशीशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. हेतू तोच असेलही. पण वाटेत हात घालता येतो आणि ग्राहकाला पत्ता लागत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले.

कायद्याकडे वळू. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात माणसाच्या शरीराची, घराची, कागदपत्रांची आणि सामानाची अवाजवी झडती घेतली जाऊ नये, हा हक्क मूलभूत हक्कांत मांडला होता. तो त्या रूपात संविधानात आला नाही. सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. गोपनीयता ही वरच्या वर्गाची चैन आहे, गरिबाला तिचे काय, हा युक्तिवादही न्यायालयाने फेटाळला. निकालातला हा भाग आपल्या अभ्यास वर्गात वाचायला हवा, कारण हा युक्तिवाद मी आपल्याच कार्यकर्त्यांकडूनही ऐकते.

त्यानंतर न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला. त्यात काही माहिती "संवेदनशील" म्हणून वेगळी काढली होती: आरोग्य, लैंगिक कल, धार्मिक किंवा राजकीय श्रद्धा, आणि जात किंवा जमात. २०१९ च्या विधेयकातही ही यादी होती. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्यात ही यादीच नाही. तुमचा आवडता चहा आणि तुमची जात, कायद्याच्या लेखी दोन्ही सारखीच वैयक्तिक माहिती. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहितीबाबतचे कलमही बदलले, त्यावर आपल्याकडे निदान थोडी चर्चा झाली. यादी गेली त्यावर मी कुठे मोर्चा पाहिला नाही, निवेदन पाहिले नाही.

कायद्यात कामाच्या गोष्टी मात्र आहेत. संमती विशिष्ट हेतूसाठी, माहिती देऊन आणि अट न घालता घेतली पाहिजे. जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. संमतीची सूचना मराठीत मागता येते. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत दिली गेली, म्हणजे मे २०२७. दूरसंचार परवान्याच्या अटींत ग्राहकाच्या माहितीची गुप्तता राखण्याचे बंधन आधीपासून आहे. ट्रायने २०१८ मध्ये सरकारला शिफारस केली होती की माहितीचा मालक ग्राहक, कंपनी फक्त राखणदार. पण ती शिफारस होती, कायदा नव्हे.

तोवर फोनमध्ये काय करता येईल? अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असा पर्याय असतो. तो सुरू करून दुसऱ्या सेवेचे नाव भरले की पत्ता विचारण्याची पायरी पुरवठादाराच्या नजरेआड जाते. जोडणीच्या वेळी दिसणारे नाव मात्र यानेही पूर्ण लपत नाही. फुकटच्या व्हीपीएनपासून सावध राहा, तिथे वही पुरवठादाराकडून निघून व्हीपीएनवाल्याच्या हातात जाते, आणि तो कोण हे आपल्याला ठाऊक नसते. डीएनडी सुरू केले म्हणून माग थांबत नाही, त्याने फक्त जाहिरातींचे फोन आणि मेसेज कमी होतात. हा गैरसमज मला फार जणांत दिसला.

त्यापेक्षा महत्त्वाची जागा म्हणजे कंपनीचे स्वतःचे ॲप. रिचार्जसाठी आपण ते घेतो आणि संपर्क, लोकेशन, मेसेज, मागेल ती परवानगी देतो. पुढच्या रविवारी आम्ही अभ्यासिकेत तेच करणार आहोत. प्रत्येकाने आपापल्या कंपनीचे ॲप उघडायचे, गोपनीयता धोरणात "जाहिरात" आणि "भागीदार" हे शब्द कुठे येतात ते शोधायचे आणि ती वाक्ये मोठ्याने वाचायची. जिथे धोरण मराठीत नाही, तिथे त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल लिहून ते मराठीत मागायचे. मसुदा त्या बारावीतल्या मुलीने लिहायला घेतला आहे.