‘सगळे बदला’ या बटणापाशी

ऑक्टोबर 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. मग एका संस्थेच्या वेबसाइटची पानं माझ्याकडे आली: जुनं नाव शोधा, नवं घाला.

नोटपॅड प्लस प्लस या एडिटरमध्ये सगळ्या फाइली उघडायच्या, कंट्रोल-एफ दाबून ‘अहमदनगर’ लिहायचं आणि उघड्या सर्व फाइलींत शोधणारं बटण दाबायचं. खाली यादी येते. फाइलचं नाव, त्याखाली ओळीचा क्रमांक आणि अख्खी ओळ. तिच्यावर डबल क्लिक केलं की वर नेमकी तीच जागा उघडते. अजून सेव्ह न केलेला मजकूरही यात तपासला जातो.

‘पूर्ण शब्द जुळवा’ ही खूण मराठीसाठी काढून टाकावी, नाहीतर ‘अहमदनगरला’, ‘अहमदनगरच्या’ हे सगळे निसटतात. बरं, दोन्ही नावांचा शेवट ‘नगर’च, त्यामुळे शब्द बदलला तरी प्रत्यय जागच्या जागी राहतात. आपण बोलताना, लिहिताना नुसतं ‘नगर’ म्हणतो, ते शोधायला गेलं की नगरपालिका, नगरसेवक, श्रीनगर, संभाजीनगर असं सगळं गणगोत रांगेत उभं राहतं.

शोधाच्याच खिडकीत, ‘बदला’च्या टॅबवर, ‘सगळे बदला’ हे बटण असतं. माझा त्याला ठाम विरोध आहे. अहमद निजामशहानं पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलं ते अहमदनगर. एका क्लिकसरशी त्यानं अहिल्यानगर वसवलं असं छापून यायचं, तेही अहिल्यादेवींच्या जन्माआधी सव्वादोनशेहून जास्त वर्षं! नेहरू 1942 ला कैदेत आले ते अहमदनगरच्या किल्ल्यात. 1947 चं अहमदनगर कॉलेज हे तर संस्थेचं नाव. पत्ता बदलायचा, इतिहास आणि विशेषनामं ठेवायची, आणि हा निवाडा ओळ वाचल्याशिवाय होत नाही. शिवाय चुकून सगळं बदललंच, तर कंट्रोल-झेड प्रत्येक फाइलीत जाऊन वेगळं दाबावं लागतं.

इंग्रजी स्पेलिंगचा शोध वेगळा घ्यायचा. तिथे फोटोंच्या फाइलनावांतही जुनं नाव दडलेलं असतं. पानात ते बदललं आणि फाइलला तसंच राहिलं, की फोटो गायब.

खरी डोकेदुखी जुन्या अहवालांची. त्यांतला मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला. त्या फॉन्टात मराठी दिसतं, एडिटरला मात्र नुसती चिन्हं दिसतात, म्हणून शोधाचं उत्तर शून्य येतं. तो आधी युनिकोडमध्ये आणायचा, बिघडलेली जोडाक्षरं नीट करायची आणि मग पुन्हा शोधायचं. त्यातही कुणी ‘अ.नगर’ लिहिलेलं असतंच; त्यासाठी टिंबासकट आणखी एक फेरी.