ठाणे-कल्याण संपर्काला शून्य गुण, तरीही मोलाचा

परवाना घेऊन, कोणताही व्यापारी हेतू न ठेवता, स्वतःच्या संचावरून जगभर बिनतारी संवाद साधणाऱ्यांना हॅम म्हणतात, आणि त्यांच्या स्पर्धांमध्ये ठरावीक मुदतीत जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधायचा असला, तरी निकाल केवळ संपर्कांच्या संख्येवर लागत नाही. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही या छंदातील सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक असून तिचा आवाजी संभाषणाचा भाग ऑक्टोबरच्या आणि मोर्स संकेतांचा भाग नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होतो. जागतिक वेळेनुसार मध्यरात्री सुरू होणारी ही ४८ तासांची स्पर्धा डोंबिवलीत शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन सोमवारी पहाटे साडेपाचला संपते.

प्रत्येक संपर्कात समोरच्याचे कॉलसाईन, म्हणजे त्याच्या केंद्राचे सरकारमान्य नाव, आवाजाच्या स्पष्टतेचा आकडा आणि झोन क्रमांक अचूक टिपावा लागतो. या स्पर्धेसाठी जगाचे ४० झोन पाडलेले आहेत आणि भारताची मुख्य भूमी २२व्या झोनमध्ये येते. दुसऱ्या खंडातील केंद्राला ३ गुण आणि आशियातीलच अन्य देशाला १ गुण मिळतो. मुंबई परिसरापासून फ्रँकफुर्ट आणि टोकियो जवळजवळ सारख्याच अंतरावर, साडेसहा हजार किलोमीटरांच्या आसपास, असूनही जर्मनीचे ३ आणि जपानचा १ गुण होतो, कारण नियम अंतर पाहत नाही, खंडाची सीमा पाहतो. अंतराच्या दृष्टीने ही विभागणी न्याय्य नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

स्वदेशातील केंद्राला तर शून्य गुण आहेत. मात्र प्रत्येक बँडवर, म्हणजे स्पर्धेसाठी खुल्या असलेल्या सहा लहरपट्ट्यांपैकी प्रत्येकीवर, प्रथमच गाठलेला देश आणि प्रथमच गाठलेला झोन हे दोन्ही ‘गुणक’ ठरतात. संपर्कांच्या गुणांच्या बेरजेला गुणकांच्या बेरजेने गुणले की अंतिम गुणसंख्या येते. समजा, ठाण्यातील एका हॅमने युरोपातील १२० आणि आशियातील ८० केंद्रे गाठून ४४० गुण आणि ४० गुणक मिळवले, तर त्याची गुणसंख्या १७,६०० होते. आधीच मोजलेल्या देशातील आणखी एक युरोपीय केंद्र मिळाल्यास त्यात १२० ची भर पडते, पण त्या बँडवर भारत आणि २२वा झोन अजून मिळालेले नसताना सुमारे २० किलोमीटरवरील कल्याणचे केंद्र मिळाले, तर शून्य गुणांच्या त्या संपर्काने देश आणि झोन असे दोन गुणक वाढून भर ८८० ची पडते. म्हणूनच अनुभवी स्पर्धक सोप्या युरोपीय संपर्कांच्या ओघात मधूनच थांबून नव्या देशांचा शोध घेतात. अंदमान स्वतंत्र ‘देश’ म्हणून मोजले जाते आणि ते २६व्या झोनमध्ये असल्याने तिथला क्षीण आवाजही सोडण्यासारखा नसतो.

मात्र कल्याणच्या मित्राला फोन करून किंवा व्हॉट्सॲपवरून बँडवर बोलावून घेणे नियमबाह्य आहे. तो लहरींवरच सापडला पाहिजे. आयोजकांचे संगणक दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून पाहतात. कॉलसाईन चुकीचे लिहिले असल्यास तो संपर्क रद्द होतो, त्यावर दंडाचे गुणही वजा होतात आणि त्याच्याबरोबर आलेला गुणकही जातो. सोसायटीच्या गच्चीवरील तोकड्या अँटेनाने आणि लिफ्ट, एलईडी दिवे यांच्या विद्युत गोंगाटात ऐकणाऱ्या शहरी हॅमने घाई करण्यापेक्षा एक अक्षर पुन्हा विचारून घेणे अधिक फायद्याचे आहे.

शंभर वॉटपर्यंतच्या संचांसाठी ‘लो पॉवर’ हा वेगळा गट असल्याने लहान केंद्रांची तुलना मोठ्या केंद्रांशी होत नाही. नवख्या हॅमने दहाच संपर्क झाले असले, तरी आपली लॉग, म्हणजे संपर्कांची नोंदवही, स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांच्या आत अवश्य पाठवावी, कारण तिच्यावरून इतर स्पर्धकांच्या नोंदीही तपासल्या जातात.