सायकलीचा गंज कसा काढावा?

लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही मिळाले की गंज चढतो. आमच्या घरी त्याला तांब म्हणतात. गंज म्हणजे वरून बसलेली घाण नाही. लोखंडाचाच गंज होतो. त्याचे पापुद्रे निघतात, आतले लोखंड उघडे पडते आणि तेही गंजते.

माझी ताई आठवीत आहे. तिचे हायस्कूल चार किलोमीटर लांब आहे. मामांनी तिला त्यांची जुनी सायकल दिली. ती दोन पावसाळे गोठ्यात पडून होती. बाबा, ताई आणि मी मिळून ती साफ केली. त्याची रीत अशी.

१) नट, बोल्ट, वायसर अशा बारीक वस्तू चिंचेच्या घट्ट कोळात रात्रभर बुडवून ठेवाव्यात. चिंचेत आम्ल असते, ते गंज सोडवते. आई तांब्याचा हंडाही चिंचेने घासते. तांब्याला असा गंज चढत नाही, पण त्याच्यावरचा काळा थर आम्लाने निघतो.

२) सकाळी काथ्याने खसाखसा घासावे. मग खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावे. आंबटपणा राहिला तर पुन्हा गंज येतो.

३) हॅण्डल पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाने, पाणी लावून घासावे. हा कागद ॲल्युमिनियमचा, मऊ असतो. त्याने ओरखडे पडत नाहीत.

४) चेन चिंचेत घालू नये. कड्यांत आंबट पाणी राहते. ती रॉकेल नाहीतर डिझेल लावून जुन्या ब्रशने साफ करतात. हे काम मोठ्या माणसांनी चुलीपासून लांब करावे.

५) सगळे लगेच कोरडे पुसून उन्हात ठेवावे आणि तेलाचे बोट फिरवावे. मग पाणी लोखंडाला लागत नाही. पण रिमला तेल लावू नये, ब्रेक लागत नाही.

आता महत्त्वाचे. गंज निघतो, पण गेलेले लोखंड परत येत नाही. आमची सायकल लई चकाकायला लागली. ताई लगेच निघाली. पण बाबांनी ब्रेकची सळई बघितली. गंज निघाल्यावर ती एका जागी काडीसारखी बारीक दिसत होती. उतारावर तुटली असती तर? बाबा म्हणाले, "सळई बदलल्याशिवाय सायकल दारातून हलवायची नाय." ताई रुसली. तीन दिवस चालतच गेली. बाजारच्या दिवशी नवी सळई आणली, तेव्हा सायकल रस्त्यावर आली.

म्हणून गंज काढल्यावर चिमटा, ब्रेक आणि हॅण्डल नीट तपासा. कुठे खड्डा किंवा चीर दिसली तर आधी मिस्त्रीला दाखवा, मगच सायकलवर बसा.

— इयत्ता ४ थी