हातचा दाखविणारें यंत्र

जुन्या वस्तु जमविण्याचा नाद कांहीं नवा नाहीं. कोणी नाणीं जमवितो, कोणी टपालाचीं तिकिटें, कोणी बंद पडलेलीं घड्याळें. परंतु इतरांनीं अडगळींत टाकलेले संगणक उचलून आणावे, त्यांवरची धूळ झाडावी, गंजलेले सांधे घांसावे आणि एखादे दिवशीं त्यांना पुन्हां चालते करावें, यांत ज्यांना धन्यता वाटते अशी हौशी मंडळी आज अनेक देशांत आहे, हें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. ही मंडळी एकत्र जमली म्हणजे त्यांचें बोलणें प्रथम तारा, नळ्या व खटके यांविषयीं चालतें. पण थोड्याच वेळांत तें 'हें आपण कोठें शिकलों, कोणीं शिकविलें आणि आतां पुढें कोण शिकेल' या विषयावर येऊन ठेपतें.

व्यवहारी मनुष्य यावर सहज विचारील कीं, खिशांतील दूरध्वनियंत्र ज्या गुणाकारास क्षणाचाही अवधि घेत नाहीं, त्याच गुणाकारास पांच ते दहा सेकंद लावणारें धूड जिवंत ठेवून लाभ काय? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर कोरड्या उपदेशानें देण्यापेक्षां एका विशिष्ट यंत्राची हकीकत सांगून द्यावें, असें आम्हीं योजिलें आहे.

इंग्लंडांत ऑक्सफर्ड शहराच्या दक्षिणेस हार्वेल म्हणून एक स्थळ आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, तेथें अणुशक्तीच्या संशोधनाची सरकारी संस्था निघाली. संशोधनास लागणारीं गणितें अतोनात लांबलचक असत, आणि हुशार माणसें तीं हातानें चालविण्याच्या गणितयंत्रांवर दिवसेंदिवस करीत बसत. हें कंटाळवाणें ओझें हलकें करण्यासाठीं कुक-यारबरो, बार्न्स व टॉमस या अभियंत्यांनीं १९४९ सालीं एका संगणकाची आखणी हातीं घेतली, व १९५१ सालीं तो चालूं झाला. त्यांतील पुष्कळसे भाग टेलिफोन एक्स्चेंजमध्यें वापरण्यांत येणारे साधे भाग होते. सुमारें अडीच टन वजनाचें हें यंत्र भिंतीसारखें उभें असून त्यांत ८२८ कांचेच्या नळ्या आणि ४८० रिले, म्हणजे विजेनें उघडझांप करणारे खटके, आहेत.

या नळ्यांना डेकाट्रॉन म्हणतात. प्रत्येक नळींत विरळ वायु कोंडलेला असून मध्यभागीं एक चकती व तिच्या भोंवतीं वर्तुळांत दहा मुख्य काड्या उभ्या केलेल्या असतात. त्यांपैकीं एका काडीपाशीं तेजाचा एक ठिपका चमकत असतो. तो ज्या घरांत उभा, तो त्या नळीचा अंक. विजेचा एक ठोका आला कीं ठिपका एक घर पुढें सरकतो. आतां समजा, ठिपका ७ वर आहे आणि त्यांत ५ मिळवावयाचे आहेत. पांच ठोके येतात. ठिपका ८, ९, ०, १ असा फिरत जाऊन २ वर थांबतो. मध्यंतरीं त्यानें ९ वरून ० वर उडी घेतली, याची नोंद यंत्र ठेवतें व डावीकडील शेजारच्या नळीला एक ठोका देतें. हा ठोका कोणता, हें आमच्या दुसऱ्या इयत्तेंतील मूलही सांगेल. हाच तो 'हातचा एक'. पाटीवर बेरीज करतांना जो हातचा आपण मनांत धरून ठेवतों, तो येथें प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहतां येतो! आजचे संगणक ० व १ या दोनच अंकांवर चालतात. हें यंत्र मात्र आपल्यासारखें दहा अंकांनीं मोजतें.

यंत्राला आज्ञा द्यावयाच्या त्या भोंकें पाडलेल्या कागदी फितींतून. एखादी क्रिया पुनःपुन्हां करवावयाची असल्यास फितीचीं दोन्ही टोंकें जोडून तिचें कडें करीत; मग रहाटाच्या माळेप्रमाणें त्याच आज्ञा यंत्रापुढें फिरून फिरून येत. संगणकशास्त्रांतील एक मोठें तत्त्व या एका कड्यांत सांठविलेलें आहे, आणि तें समजण्यास कागद व डिंक यांपलीकडे कांहीं लागत नाहीं.

वेगाच्या बाबतींत मात्र हें यंत्र जन्मापासूनच मंद. एकदां तेथील एक गणिती आपलें हातयंत्र घेऊन त्याच्याशीं शर्यतीस बसले. सुमारें अर्धा तास ते बरोबरीनें चालले. पुढें थकून त्यांनीं हात टेकले, आणि यंत्र आपलें चालतच राहिलें. एका नाताळच्या सुटींत तर फितींची भरपूर शिदोरी देऊन त्याला एकटेंच सोडण्यांत आलें. निदान दहा दिवसांनीं मंडळी परत येऊन पाहतात, तों तें टिकटिक करीत कामांत गढलेलेंच! सशाची व कासवाची गोष्ट आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

पुढें अधिक वेगवान यंत्रें आलीं, व १९५७ च्या सुमारास हार्वेलला या कासवाची गरज उरली नाहीं. अशा वेळीं जुनें यंत्र मोडींत जावयाचें, हाच जगाचा रिवाज. परंतु येथें निराळेंच घडलें. जें विद्यालय या यंत्राचा उपयोग सर्वांत चांगल्या रीतीनें करून दाखविण्याची योजना मांडील, त्याला तें बक्षीस देण्यांत येईल, अशी चढाओढ जाहीर झाली. वुल्व्हरहॅम्प्टन येथील तांत्रिक विद्यालयानें हें बक्षीस मिळविलें. तेथें त्याला नवें नांव मिळालें. त्या लांबलचक नांवाच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून 'विच' म्हणजे चेटकीण असा शब्द होतो. ही चेटकीण १९७३ सालापर्यंत विद्यार्थ्यांना संगणकाची विद्या शिकवीत राहिली.

यांतील मर्म पाहण्यासारखें आहे. संशोधकांना जो मंदपणा नडला, तोच विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडला. ठिपका सरकतो तो दिसतो, खटका पडतो तो ऐकूं येतो, फीत फिरते तिला डोळ्यांनीं अनुसरतां येतें. ज्या यंत्राचा विचार आपल्या विचाराहून फारसा जलद नाहीं, त्याच्या मागोमाग जातां येतें. आणि मागोमाग जाणें म्हणजेच शिकणें नव्हे काय?

विद्यालयांतून तें बर्मिंगहॅमच्या शास्त्र व उद्योग संग्रहालयांत गेलें. तें संग्रहालय १९९७ सालीं बंद झाल्यावर यंत्राचे भाग सुटे करून नगरपालिकेच्या कोठारांत ठेवण्यांत आले, आणि लोक त्याला विसरले. २००८ सालीं ब्लेचली येथील राष्ट्रीय संगणन संग्रहालयाच्या एका विश्वस्तांस त्या कोठाराच्या छायाचित्रांत यंत्राचा फलक ओळखूं आला. पुढील वर्षीं सर्व भाग ब्लेचलीस आणण्यांत आले. तेथील हौशी स्वयंसेवकांनीं सुमारें तीन वर्षें खपून, मूळचे भाग शक्य तितके तसेच राखून, यंत्र जुळविलें. आणि २० नोव्हेंबर २०१२ या दिवशीं तें पुन्हां चालूं झालें. आपल्या मूळ भागांनिशीं चालणारा जगांतील सर्वांत जुना अंकीय संगणक म्हणून त्याची ख्याति आहे. त्या समारंभास मूळ रचनाकारांपैकीं दोघे वृद्ध गृहस्थ हजर होते.

त्याच संग्रहालयांत याच्या अगदीं उलट अशी दुसरी कथा उभी आहे. महायुद्धांत जर्मन सेनेचे गुप्त संदेश उलगडण्यासाठीं टॉमी फ्लॉवर्स यांनीं 'कोलोसस' नांवाचीं यंत्रें बांधलीं होतीं. युद्धसमाप्तीच्या वेळीं अशीं दहा यंत्रें होतीं. पुढें तीं गुप्ततेसाठीं मोडण्यांत आलीं, आणि त्यांचे आराखडेही जाळण्यांत आले. टोनी सेल व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं तसेंच यंत्र पुन्हां उभारण्याचें मनावर घेतलें, तेव्हां हातीं होतीं थोडीं छायाचित्रें, कांहीं अभियंत्यांनीं जपून ठेवलेले आराखड्यांचे तुकडे आणि जुन्या माणसांच्या आठवणी. तें काम २००७ सालीं पुरें झालें. एका यंत्राचें ज्ञान शिकविण्यासाठीं दिलें गेलें, म्हणून तें यंत्र वांचलें. दुसऱ्याचें ज्ञान कोंडून ठेवलें गेलें, म्हणून तें तुकड्यातुकड्यांनीं पुन्हां गोळा करावें लागलें. लोखंड व तांबें बाजारांत मिळतें. तार कोठून कोठें जाते व कां जाते, हें मात्र माणसाच्या डोक्यांतच असतें, आणि तें त्यानें वेळींच दुसऱ्यास सांगितलें नाहीं तर त्याच्याबरोबरच जातें.

कोणी म्हणेल, या परदेशच्या गोष्टी झाल्या. पण आपल्या शाळांचाही या इतिहासाशीं संबंध आहे. १९८१ सालीं इंग्लंडांत शाळांना डोळ्यांसमोर ठेवून 'बी.बी.सी. मायक्रो' नांवाचा लहान संगणक निघाला, आणि १९८४ सालीं भारत सरकारनें सुमारें २५० माध्यमिक शाळांतून संगणकशिक्षणाचा उपक्रम सुरू केला, तो याच यंत्रावर. हौशी मंडळी आज हींही यंत्रें मोठ्या प्रेमानें जपतात. याचा एक विशेष असा कीं, चालूं करतांच तो कोऱ्या पाटीसारखा समोर उभा राही. चित्र नाहीं, कांहीं नाहीं. आज्ञा लिहावी, तेव्हां हालचाल करावी. पहिला शब्द विद्यार्थ्यालाच बोलावा लागे.

आजचीं यंत्रें आपणच प्रथम बोलतात, आणि आपण केवळ बोट ठेवतों. याचा परिणाम काय होतो, तें २००६ च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठांतील कांहीं अध्यापकांच्या ध्यानांत आलें. संगणकशास्त्र शिकण्यास येणाऱ्या उमेदवारांची संख्या घटली होती, आणि जे येत त्यांची पूर्वतयारीही पूर्वींच्या मानानें उणी होती. ज्या पिढीच्या हातांत अधिक चांगलीं यंत्रें, तिचेंच यंत्रज्ञान कमी! यावर उपाय म्हणून एबेन अप्टन व त्यांच्या सोबत्यांनीं 'रास्पबेरी पाय' हा पस्तीस डॉलर किंमतीचा, तळहाताएवढा उघडा संगणक २०१२ सालीं विक्रीस आणला. मुलांनीं तो निर्भयपणें हाताळावा, बिघडवावा आणि पुन्हां चालता करावा, हाच हेतु. वुल्व्हरहॅम्प्टनची म्हातारी चेटकीण ज्या वर्षीं पुन्हां जागी झाली, त्याच वर्षीं हें लहानगें जन्मास आलें.

विद्यार्थी मित्रांनो, जुनें तेंच सोनें, असें आम्हांस येथें सांगावयाचें नाहीं. नवीं यंत्रें वापरावींत, आनंदानें वापरावींत. परंतु उत्तर मिळणें निराळें आणि उत्तर कसें आलें हें समजणें निराळें. पहिलें विकत मिळतें. दुसऱ्यासाठींच शाळा आहे. ज्याला केवळ उत्तर ठाऊक, तो यंत्र चुकलें तर तेंही ओळखूं शकत नाहीं. ज्याला हातचा ठाऊक, तो निदान विचारूं शकतो कीं, हें असें कां आलें?

जुनीं यंत्रें जपणारी हौशी मंडळी हाच हातचा सांभाळीत आहे. एका पिढीचें मोजणें पुरें झालें म्हणजे शेजारच्या पिढीस एक ठोका मिळाला पाहिजे. तो न मिळाला, तर बेरीज चुकते. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या घरीं आजोबांचा बंद पडलेला रेडिओ किंवा शिवणयंत्र असेल, तर त्यानें तें भंगारवाल्यास देण्यापूर्वीं वडील माणसांस त्याची रचना विचारावी आणि वहींत तिची आकृति काढून ठेवावी. विजेची जोडणी मात्र काढून, आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीं! पुढील सत्रांत अशी वही जो आम्हांस आणून दाखवील, त्याच्याकडून शिकावयास आम्ही आनंदानें बसूं.