दगड सम्राटाचे, अक्षरे शिपायांची

इंग्लंडच्या उत्तर भागात रोमन सम्राट हेड्रियनच्या नावाची भिंत आहे. इ. स. १२२ मध्ये तिचे काम सुरू झाले. सुमारे ११७ किलोमीटर लांबीची ही भिंत आणि तिच्या आधाराने उभे राहिलेले किल्ले म्हणजे साम्राज्याची सरहद्द. १९८७ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरविले. पर्यटक येतात आणि सम्राटाचे नाव घेऊन परततात. आमचा प्रश्न वेगळा आहे. या किल्ल्यांत थंडी-पावसात दिवस काढले कोणी?

भिंत बांधली ती रोमन नागरिक असलेल्या सैनिकांनी. पण तिच्यावर पहारा दिला तो मुख्यतः जिंकलेल्या मुलखांतून भरती केलेल्या पलटणींनी. कोणी आजच्या बेल्जियममधले, कोणी सीरियातले. त्यांच्यापैकी बहुतेकांना नागरिकत्व मिळे ते २५ वर्षांच्या चाकरीनंतर. ज्या राज्याची सीमा राखायची, त्याचे नागरिक होण्यासाठी पाव शतक थांबायचे!

रोमन सत्ता गेली आणि भिंत म्हणजे आयती खाण झाली. तिच्या दगडांतून घरे, गोठे, चर्च उभे राहिले. १७४५ च्या बंडानंतर इंग्रज सरकारने लष्करी रस्ता काढला, तेव्हा भिंतीचा मोठा भाग पाडून तिच्या पायावरच तो घातला.

दगड गेले, पण माणसांची अक्षरे चिखलाने सांभाळली. १९७३ साली विंडोलांडा किल्ल्यात रॉबिन बर्ली यांना शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडल्या. पुढे त्यांची संख्या हजारावर गेली. ओल्या, हवा न लागणाऱ्या मातीत त्या १९०० वर्षे टिकल्या. एका पट्टीवर पायमोजे व आतले कपडे पाठविल्याची नोंद आहे. दुसरीवर पलटणीची हजेरी आहे: एकूण ७५२, पैकी किल्ल्यावर २९६; त्यांत १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले. आणखी एक पत्र कँडिडस नावाच्या गुलामाला आलेले आहे. त्यात सणाच्या खर्चाचा हिशेब आहे. कोणत्याही विजयस्तंभावर ही माणसे सापडणार नाहीत.

साउथ शील्ड्स येथे सापडलेला रेजिनाचा समाधी-दगडही असाच बोलका आहे. ही ब्रिटनमधली दासी. पाल्मिराच्या बाराटेसने तिला मुक्त केले, तिच्याशी लग्न केले. ती तिसाव्या वर्षी वारली. त्याने लॅटिन मजकुराखाली आपल्या मायबोलीत तिच्यासाठी हळहळ कोरून घेतली.

आज हा ठेवा धोक्यात आहे. हवामान बदलते आहे, जमीन कोरडी पडते आहे. मॅग्ना किल्ल्यावर २०२३ पासून चाललेल्या उत्खननामागे हीच काळजी आहे. मातीत हवा शिरली की लाकूड कुजते. दगडी किल्ला पुन्हा बांधता येतो. जर्मनीच्या सम्राट विल्हेल्मने १९०० च्या सुमारास साल्बुर्गचा किल्ला बांधून दाखविला. कँडिडसचे पत्र मात्र एकदा कुजले की कोणताही सम्राट ते पुन्हा लिहवून घेऊ शकणार नाही. म्हणून वारशावर खर्च करताना तटबंदीच्या डागडुजीआधी या ओल्या मातीकडे पाहिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.